चकलीचा आवाज

[दृश्य: नवरात्रातली दुपार. सदाशिव पेठेतील एका कुरिअरच्या दुकानाबाहेर रिकामे खोके रचून ठेवले आहेत. फळीवर खडूने लिहिले आहे : "परदेशी फराळ पाठवून मिळेल."]

पुण्यातील पुष्कळ घरांत दिवाळीचा पहिला घाणा दसऱ्याच्या आधीच निघतो. घटातले धान अजून बोटभरही वाढलेले नसते, मंडईत झेंडूचे ढीग लागायचे असतात, आणि एखाद्या स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास जिन्यापर्यंत आलेला असतो. हा फराळ त्या घरातले कोणी खाणार नसते. चव पाहण्यापुरती एक चकली मोडायची आणि बाकीच्या पूर्ण गार झाल्या की डब्यात भरायच्या, कारण तो डबा समुद्रापलीकडे जायचा असतो.

आमच्या कोथरूडच्या घरात गेली चौदा वर्षे हे असेच चालत आले आहे. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो. या चौदा वर्षांत तो दिवाळीला फक्त दोनदा घरी आला. बाकीच्या बारांपैकी एक सोडून सगळ्या दिवाळ्या आमच्या घरातून त्याच्या घरी खोक्यातून गेल्या. परदेशातली माणसे सण कसे साजरे करतात हे आपण नेहमी तिकडच्या छायाचित्रांवरून ठरवतो : सभागृहातली रांगोळी, ढोल, पैठण्या. त्या छायाचित्रांच्या मागे इकडचे जे एक स्वयंपाकघर असते, ते सहसा कोणी दाखवत नाही. आज आम्हाला ते दाखवायचे आहे.

[दृश्य: ओट्यावर पसरलेली वर्तमानपत्रे, उंच गोल डबे, चिकटपट्टी, वजनकाटा. आईचे हात.]

परदेशी जाणारा फराळ हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे मी आईच्या शेजारी बसून शिकले. करंजी पाठवायची नाही. तिची कड वाटेत मोडते आणि सारणाचा भुगा होतो. शंकरपाळे कुठेही जातात. चकल्या उंच गोल डब्यात एकावर एक रचायच्या, दर थरामध्ये कागद घालायचा आणि वर राहिलेली पोकळी कागदाच्या बोळ्यांनी घट्ट भरायची, म्हणजे डबा उलटा झाला तरी आतले काही हलत नाही. बेसनाच्या लाडवात तुपाचा हात थोडा आखडता घ्यायचा, कारण उकाड्यात लाडू बसतो आणि पोहोचेपर्यंत त्याची वडी होते. अनारसे तर तळून पाठवायचेच नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, निथळून कुटायचे, गूळ मिसळून पिठाचे गोळे बांधायचे आणि ते गोळेच पाठवायचे. ते पीठ महिनोन्महिने टिकते आणि मुरल्यावर अधिकच चांगले होते.

चिवड्याचे दुखणे निराळेच आहे. कुरिअरवाले खोक्याची दोन वजने काढतात : एक काट्यावरचे आणि दुसरे आकारमानाचे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात, त्याला साधारणपणे ५००० ने भागतात आणि दोन्हींपैकी जे अधिक भरेल त्याचे पैसे लावतात. त्यामुळे ३० बाय ३० बाय ४० सेंटिमीटरच्या खोक्यात तुम्ही तीन किलो चिवडा भरला, तरी भाडे ७.२ किलोचे पडते. हा हिशोब दुकानदाराने समजावून सांगितल्यापासून आई चिवड्याला वेगळा डबा देत नाही. चकलीच्या डब्यांच्या मधल्या फटींत ती चिवड्याच्या चपट्या पिशव्या सरकवते, आणि खोक्यात बोट घालायलाही जागा उरली नाही, की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते मला लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही दिसत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी जर्मनीत आहे आणि त्यांना आणखी एक बंधन पाळावे लागते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या खासगी पार्सलांत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणून पेढे आणि बर्फी त्यांच्या यादीतून कायमची गेली. लेकीला आवडणारा पेढा काकू तिच्या वाढदिवशी इथे देवापुढे ठेवतात आणि सोसायटीतल्या मुलांना वाटतात.

[दृश्य: लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी. सिटी पोस्टाची इमारत.]

२०२५ साली हा सगळा क्रम मोडला. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली आयातशुल्काची सवलत अमेरिकेने २९ ऑगस्टपासून काढून घेतली. हे शुल्क कोणी गोळा करायचे आणि कसे भरायचे, याची व्यवस्था ठरलेली नसल्यामुळे विमान कंपन्या टपालाचा माल घेईनात, आणि अनेक देशांप्रमाणे भारतीय टपाल खात्यालाही २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणाऱ्या पार्सलांची सेवा स्थगित करावी लागली. ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. खासगी कुरिअर चालू होते, परंतु तिकडे दारात किती शुल्क भरावे लागेल हे कोणी खात्रीने सांगत नव्हते. मुलाला फराळ पाठवायचा आणि त्याची किंमत त्याच्याकडूनच वसूल व्हायची, ही कल्पना आईला सहन होईना.

आठवडाभर ती फारसे बोलली नाही. मग भावाचा एक मित्र पुण्यात आला होता आणि परत निघाला होता, त्याच्या सामानात दीड किलोची जागा आहे असे कळले. दीड किलोत फराळ तो काय जाणार? आईने कपाट उघडले, आजीचा पितळी सोऱ्या काढला, चिंचेने घासून लख्ख केला आणि सोऱ्यासोबत भाजणीची एक पिशवी बांधून दिली. "या वर्षी तूच कर," असे तिने भावाला फोनवर सांगितले.

मला त्या क्षणी भीती वाटली होती. भावाने तोवर चहा, खिचडी आणि ऑम्लेट यांपलीकडे काही केलेले नव्हते, आणि चकली हा धीर पाहणारा पदार्थ आहे.

[दृश्य: भ्रमणध्वनीचा पडदा. पलीकडे न्यू जर्सीतील स्वयंपाकघर, सकाळचे ऊन. अलीकडे कोथरूडमधील संध्याकाळ.]

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी. त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजले होते, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. आईने नुकताच कणकेचा दिवा करून दाराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून ठेवला होता आणि हात धुऊन ती फोनसमोर बसली होती. पलीकडे भाऊ, भावजय, सात वर्षांची भाची आणि त्यांच्या शेजारी राहणारे तमिळ कुटुंब असे सगळे जमले होते. शेजारणीने आपला मुरुक्कूचा साचा आणला होता आणि सोऱ्याशी ताडून पाहिला, तर चकतीखेरीज फारसा फरक नव्हता. मग दोन्ही साचे कामाला लागले.

पहिल्या चार चकल्या तेलात गेल्या आणि विरल्या. कढईत नुसते कण तरंगू लागले. भावाचा चेहरा पडला. आईने मात्र क्षणभरही विचार केला नाही.

"मोहन जास्त झालंय. मूठभर कोरडी भाजणी घाल, गरम पाण्याचा हात लाव आणि परत मळ. घाई करू नकोस."

दुसऱ्या खेपेला चकली तेलात टिकली. आता ती आतपर्यंत कधी तळली जाते, हे ओळखायचे होते. भाऊ फोन कढईवर धरून रंग दाखवू लागला, पण वाफेने पडदा धुरकट झाला आणि इकडे काहीच दिसेना. तेव्हा आई म्हणाली, "दाखवू नकोस. फोन जवळ धर आणि मला ऐकव."

चकली तेलात पडते तेव्हा पिठातले पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडत असते आणि त्याचा मोठा चुरचुर आवाज होतो. पाणी कमी होत जाते तसा तो आवाज खाली येतो, बुडबुडे विरळ होतात, आणि एका क्षणी कढई जवळजवळ गप्प होते. आई डोळे मिटून ऐकत होती. आमच्या बैठकीच्या खोलीत पंखा बंद केला होता, दूरदर्शन संच बंद केला होता, रस्त्यावर कोणी फटाका लावला की ती कपाळाला आठी घालत होती. "अजून नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "अजून नाही." आणि मग, "आता काढ."

ती चकली भाचीने मोडली, आणि मोडल्याचा कट्ट असा आवाजसुद्धा इकडे नीट ऐकू आला. आई उठून आत गेली. आम्ही कोणी तिच्यामागे गेलो नाही.

[दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका. पंचांगाचे उघडलेले पान.]

त्या वर्षी तिथीनेही दोन घरे दोन दिवशी वाटून टाकली होती. अमावस्या २० ऑक्टोबरला आपल्याकडे दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ तारखेला संध्याकाळी सहाच्या आत संपली. महाराष्ट्रातील पंचांगांनी लक्ष्मीपूजन २१ तारखेला दिले. न्यू यॉर्कच्या घड्याळात तीच अमावस्या २० तारखेच्या सकाळी सव्वासहाला लागून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या आत सरत होती, म्हणजे तिकडे अमावस्येची संध्याकाळ २० तारखेचीच होती. म्हणून न्यू यॉर्क शहरातील सार्वजनिक शाळांना दिवाळीची सुट्टीही २० तारखेलाच होती. तिथल्या शाळांना ही सुट्टी कायद्याने मिळाली, तो कायदा २०२३ सालचा आहे आणि त्यानुसार शाळा पहिल्यांदा बंद राहिल्या त्या १ नोव्हेंबर २०२४ रोजी. दोन घरांत लक्ष्मी वेगवेगळ्या दिवशी आली, याचे आईला मुळीच वाईट वाटले नाही. "त्याच्याकडे आधी जाऊन मग माझ्याकडे आली," इतकेच ती म्हणाली.

मोठा समारंभ मात्र तिकडे तिथीला होत नाही, शनिवार-रविवारी होतो, आणि त्यात मला काहीही उणे वाटत नाही. लोक तास-दीड तास गाडी चालवून येतात, शाळेचे सभागृह भाड्याने घेतात, प्रत्येक घर एक पदार्थ करून आणते. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचे आहे. माझ्या मामाला त्याच लंडनच्या मंडळाने पहिली दिवाळी दिली.

[दृश्य: जुन्या निळ्या एरोग्रामांचा गठ्ठा. घड्या पडलेल्या जागी शाई पुसट झाली आहे.]

मामा १९७४ साली इंग्लंडला गेला. तेव्हा आई अठरा वर्षांची होती. त्याला बोटीने पाठवलेले दिवाळी अंक नाताळाच्या सुमारास पोहोचत. फोनसाठी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे, आणि लागलाच, तर "ऐकू येतंय का?" एवढे विचारण्यात मिनिटे संपत. भाऊबीजेला आजीने आईला सांगितले, की भाऊ समोर नसेल तर चंद्राला ओवाळायचे. आपल्याकडे ही जुनी रीत आहे. आईने त्या वर्षी नारायण पेठेतल्या वाड्याच्या गच्चीवरून चंद्राला ओवाळले आणि पुढची अकरा वर्षे दर भाऊबीजेला ओवाळत राहिली.

माझ्यावर तशी वेळ आली नाही. २३ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाला मी पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली आणि पाटावर उशीला टेकवून फोन उभा केला. त्याच्याकडे २२ तारखेची रात्र होती, नऊ वाजले होते. तिथी मात्र दोन्हीकडे द्वितीयाच होती. मी पडद्याला कुंकू लावले नाही, पुढे पाटावरच्या सुपारीला लावले. भाऊ तिकडे टोपी घालून पाटाऐवजी उशीवर बसला होता. निरांजन मी डावीकडून उजवीकडे फिरवत होते तशी त्याची नजर फिरत होती.

"ताई, ओवाळणी कुठं ठेवू?"

"तिथंच ठेव. येशील तेव्हा घेईन."

[दृश्य: गच्ची. संध्याकाळ. पश्चिमेकडे ढग.]

त्याच दिवशी संध्याकाळी आई तबक घेऊन गच्चीवर निघाली. मामा आता हयात नाही, आणि तिने ओवाळायला का जावे हे मी विचारले नाही. द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर फार वेळ थांबत नाही. आकाशात ढग होते. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहिलो आणि आई निरांजनाला पदराचा आडोसा धरून होती. टेकडीच्या वर ढगांमध्ये फट पडली, तिच्यात ती बारीक कोर दिसली आणि आईने चटकन तीन वेळा ओवाळले. मी फोटो काढेपर्यंत फट मिटली होती.

पहाटे चार वाजता भावाचा संदेश आला. तिकडे नुकता सूर्य मावळला होता. कार्यालयाच्या आवारात, गाड्यांच्या रांगेपलीकडे, इमारतींच्या मागे बुडत चाललेली कोर त्याने टिपली होती. सकाळी आईने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला, आणि मग मला म्हणाली, "त्याला विचार, भाजणी उरली आहे का. उरली असेल तर म्हणावं फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर तिला वास येईल."