घोडीच्या दुधाच्या दिवसांत खारखोरिन

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळी सहल म्हटलं की आपल्याला एप्रिल-मे आठवतो. परीक्षा संपलेल्या, आंबे आलेले, शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद. आज मी ज्या गावाबद्दल बोलणार आहे, तिथे जायचं मनात आणलंत तर हा हिशेब आधी बाजूला ठेवावा लागेल. मंगोलियाच्या माळावर एप्रिल-मे म्हणजे वर्षातले सगळ्यात खडतर दिवस. थंडी काढून जनावरांची हाडं वर आलेली असतात, वारा सुटतो, धुळीची वादळं येतात. तिथला उन्हाळा येतो तो आपल्याकडे पेरण्या चालू असतात तेव्हा. जूनचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य, बस, एवढाच. मुलं बरोबर असतील तर शाळेतून आठ-दहा दिवसांची रजा घ्यावी लागेल. माझं म्हणणं, घ्यावी.

गावाचं नाव खारखोरिन. राजधानी उलानबातरपासून पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरच्या थोडं पुढे, ओर्खोन नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर. आपल्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. पत्र्याच्या रंगीत छपरांची बैठी घरं, लाकडी फळ्यांची कुंपणं, कुंपणाच्या आत घराशेजारीच एखादा पांढरा गोल तंबू. या तंबूला मंगोल माणसं ‘गेर’ म्हणतात. गेर या शब्दाचा अर्थच घर. दहा मिनिटं चाललात की गाव संपतं आणि माळ सुरू होतो. सोलापूरकडच्या श्रोत्यांना माळ म्हणजे काय ते सांगायला नको, पण हा माळ क्षितिजापर्यंत हिरवा असतो आणि त्याला बांध नसतो. देश आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट, आणि माणसं सगळी मिळून पस्तीस लाखांच्या आसपास. पुण्यात याहून जास्त राहतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा या गावासाठी एकच रात्र ठेवली होती. दुपारी पोचलो, मठ पाहिला, फोटो काढले, सकाळी पुढे. परत आल्यावर लक्षात आलं की मी गाव पाहिलंच नाही, मी फक्त तिथे झोपलो. दुसऱ्या खेपेला सहा दिवस राहिलो. म्हणून आज आग्रहाने सांगतो, मंगोलियाचा नकाशा पसरून दहा ठिकाणांवर खुणा करू नका. एक गाव धरा आणि तिथे किमान चार रात्री काढा.

का, ते सांगतो. इथे एके काळी काराकोरम होतं, मंगोल साम्राज्याची राजधानी. चंगीज खानाचा मुलगा ओगदेई याने 1235 मध्ये या शहराला तटबंदी केली आणि अर्ध्या जगाचा कारभार इथून चालला. 1254 मध्ये विल्यम नावाचा एक फ्लेमिश साधू इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की शहरात मूर्तिपूजकांची बारा देवळं होती, दोन मशिदी होत्या आणि एक चर्च होतं. खानाच्या वाड्यात पॅरिसच्या एका सोनाराने चांदीचं झाड घडवलं होतं. झाडाच्या मुळाशी चांदीचे चार सिंह, आणि त्यांच्या तोंडातून घोडीचं दूध वाहायचं. पुढे चंगीजचा नातू कुबलाई खान याने राजधानी आजच्या बीजिंगला नेली आणि हे शहर ओसरत गेलं. जमिनीवर आज त्यातलं जवळजवळ काही नाही. त्याचे दगड दिसतात ते शेजारच्या एर्देने झू मठाच्या बांधकामात. 1586 साली हा मठ उभा राहू लागला तेव्हा पडक्या शहरातलं सामान वापरलं गेलं. मठाच्या भिंतीवर पांढऱ्या स्तूपांची ओळ आहे, शंभराच्या आसपास स्तूपांची. 1930 च्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारने आतली बहुतेक देवळं पाडली, लामांना मारलं किंवा तुरुंगात टाकलं. तीन देवळं वाचली, ती आजही पाहता येतात. 1990 नंतर तिथे पुन्हा पूजा सुरू झाली.

मठाच्या भिंतीबाहेर, गवतात, एक दगडी कासव बसलेलं आहे. ते चुकवू नका. त्याच्या पाठीवर चौकोनी खाच आहे, तिच्यात एके काळी शिलालेख उभा होता. शिलालेख गेला, कासव राहिलं. लोक त्याच्या मानेला निळी रेशमी वस्त्रं बांधतात. आपल्याकडे देवळात पाऊल टाकलं की आधी कासवाला हात लावतो आपण. मी नकळत वाकलो आणि तसाच हात लावला. जवळ उभ्या असलेल्या आजीबाईंनी विचारलं, ‘एनेतखेग?’ म्हणजे, भारतातले का? मी मान हलवली. मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिथल्या भाषेत आपल्या ओळखीचे शब्द अवचित भेटतात. शुक्राला ते ‘सुगर’ म्हणतात, शनीला ‘सांचिर’, म्हणजे आपला शनैश्चर. मंगळ ‘अंगराग’. अंगारकीचा उपास करणाऱ्यांना हा शब्द कुठून आला ते लगेच कळेल. बौद्ध ग्रंथांबरोबर हे शब्द तिबेटमार्गे आणि मध्य आशियातून उत्तरेला गेले. मठाच्या नावातलं ‘एर्देने’ सुद्धा मुळात संस्कृत ‘रत्न’.

आता तयारीचं. मुंबईहून उलानबातरला थेट विमान नाही, वाटेत बदलावं लागतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी ते पाहून घ्या. राजधानीतून खारखोरिनला बस जाते, रस्ता डांबरी आहे, सहा-सात तास धरा. स्वतंत्र गाडी केलीत तर वाटेत हुस्ताईच्या राखीव रानात थांबता येतं. तिथे ताखी घोडे आहेत, कधीच माणसाळले न गेलेले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ते जंगलातून नाहीसे झाले होते. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जे उरले होते, त्यांची पिल्लावळ 1992 पासून इथे परत आणून सोडली. संध्याकाळी ते टेकडीवरून पाण्यावर उतरतात, म्हणून तिथे दुपारी जाऊ नका.

तारखा ठरवताना 11 ते 13 जुलै हे दिवस लक्षात ठेवा. तो नादाम, त्यांचा राष्ट्रीय सण. कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांची शर्यत. राजधानीत त्या दिवसांत खोली मिळणं मुश्कील होतं, दुकानं बंद असतात, गाड्या भरलेल्या असतात. पण लहान गावांचे स्वतःचे नादाम असतात, त्यांच्या तारखा मागेपुढे. जिथे उतरणार आहात त्यांना आधी विचारा आणि गावचा नादाम गाठा. तिथे मैदानाला कुंपण नसतं. शर्यतीचे स्वार म्हणजे लहान मुलं, आणि शर्यत दोन-चार फेऱ्यांची नव्हे, माळावरून दहा-पंधरा, कधी पंचवीस किलोमीटरची. आधी क्षितिजावर नुसती धूळ दिसते. मग आवाज येतो. मग घोडे.

कपड्यांच्या बाबतीत फसू नका. जुलैच्या दुपारी ऊन चांगलं लागतं आणि रात्री स्वेटर घालून चुलीशी बसावं लागतं. चुलीत वाळलेलं शेण जळतं, आपल्या गोवऱ्यांसारखंच, फक्त थापलेलं नसतं, माळावरून वेचून आणलेलं. पाऊस पडतो तोही याच दिवसांत. ओर्खोनच्या धबधब्याकडे जायचं असेल, आणि जावंच, तर डांबरी रस्ता मागे सुटतो, ओढे गाडीनेच ओलांडावे लागतात आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरला अख्खा दिवस जातो. पाऊस झाला तर ड्रायव्हर थांबेल. त्याला घाई करू नका. त्यासाठीच एक दिवस मोकळा ठेवा.

शाकाहारी मंडळींना खरं सांगतो, जेवणाची अडचण होते. माळावरचं खाणं म्हणजे मटण आणि दूध. मेतकूट, भडंग, दशम्या, पिठल्याचं पीठ बरोबर न्या. पण दुधाच्या पदार्थांची मात्र चंगळ. ‘उरम’ म्हणजे साय. दूध मंद आचेवर तापवतात, पळीने उंच उचलून परत सोडतात, पुन्हा उचलतात, फेस येईपर्यंत. मग रात्रभर तसंच ठेवतात. सकाळी बोटभर जाड साय घडी घालून काढतात आणि ब्रेडवर पसरतात. चहात दूध असतं आणि साखरेऐवजी मीठ. पहिला घोट विचित्र लागतो. तिसऱ्या दिवशी मी स्वतः मागून घेत होतो.

आणि ऐराग. घोडीचं आंबवलेलं दूध, चांदीच्या सिंहांच्या तोंडातून वाहायचं तेच. घोड्या उन्हाळ्यातच दूध देतात, म्हणून मी तारखांचा एवढा धोशा लावला. माळावर दोरी ताणून शिंगरं ओळीने बांधतात. आई शिंगराजवळ घुटमळते. शिंगराला क्षणभर लावतात, पान्हा सुटला की बाजूला करतात आणि बाई एक गुडघा टेकून भराभर पिळते. घोडी एका वेळी थोडंच दूध देते, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा हे चालतं. ते दूध गाईच्या कातड्याच्या मोठ्या पिशवीत ओततात. पिशवी गेरच्या दाराशी टांगलेली, आत लाकडी रवी. ती हजारो वेळा घुसळावी लागते, तेव्हा ऐराग होतो. आंबट, किंचित फेसाळ, आणि थोडा चढणारा. पहिल्या दिवशी वाटीभरच घ्या, पोटाला सवय नसते.

गेरमध्ये जाल तेव्हा उंबरठ्यावर पाय देऊ नका, हे आपल्या घरातही शिकवलेलं असतंच. दार दक्षिणेला असतं. आत गेल्यावर पाहुण्याने डाव्या हाताला वळायचं. वाटी उजव्या हाताने घ्यायची किंवा दोन्ही हातांनी, बाह्या खाली करून. मधल्या खांबांना टेकायचं नाही. आणि बसण्याआधी, दाराशी ती कातड्याची पिशवी दिसली की रवी हातात घ्या आणि चार-सहा वेळा घुसळा. येणाऱ्या-जाणाऱ्याने हातभार लावायची तिथली रीतच आहे. बाकी ओळख मग आपोआप होते.