किलोमीटर जास्त, तास कमी

श्रोतेहो, नमस्कार.

मुलं अमेरिकेत गेली की घरी येणारा-जाणारा विचारतो, "किती लांब आहे हो ते?" आपण किलोमीटर सांगतो. पण लांबच्या विमानप्रवासात किलोमीटरवरून तास काढायला जाऊ नका. तास ठरवतो वारा. पुन्हा सांगतो, तास ठरवतो वारा.

याबाबतीत मला सांगायला फार आवडते ती गोष्ट २०१६ सालची. एअर इंडियाने आदल्या डिसेंबरात दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं होतं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं, तर हे अंतर साधारण १२,४०० किलोमीटर. विमान जायचं युरोप आणि अटलांटिकवरून, म्हणजे सुमारे १३,९०० किलोमीटर. वेळ लागायचा सोळा-सतरा तास, कारण वारा समोरून.

मग १६ ऑक्टोबरला, रविवारी पहाटे, दिल्लीहून निघालेलं विमान पश्चिमेऐवजी पूर्वेला वळलं. म्यानमार, चीन, जपान आणि पुढे अख्खा पॅसिफिक! अंतर किती? १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि वेळ? साडेचौदा तास. वाट वाढली, वेळ घटला. पॅसिफिकवर वाररेषा आहे, म्हणजे पूर्वेकडे जाताना ओलांडली की वार एक दिवस मागे जातो ती नकाशावरची रेषा. रविवारी निघालेल्या त्या विमानाने ती ओलांडली, तेव्हा शनिवार लागला. सकाळी सॅन फ्रान्सिस्कोत उतरलं, तेव्हा पुन्हा रविवार. आणि परत येताना? अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा!

आता कारण. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. कंपनीने तेव्हा हिशेब दिला होता: अटलांटिकच्या वाटेवर समोरून ताशी २४ किलोमीटरचा वारा, पॅसिफिकवर पाठीमागून १३८चा. हिवाळ्यात जपानवर हा झोत आणखी जोर धरतो.

इथे एक मनातलं बोलून टाकतो. विमानात दिवसाउजेडी खिडक्यांची शटरं पाडायला लावतात, ते मला मुळीच पटत नाही. खाली हिमालय असतो, सायबेरियातल्या गोठलेल्या नद्या असतात, आणि पोरं समोरच्या पडद्यावर कार्टून बघत बसतात! शाळेत भूगोल शिकवायचा आणि प्रत्यक्ष भूगोल दिसला की झाकायचा? नातवंडांना खिडकीची जागा मागून घ्या, आणि उघडी ठेवू द्या.

तर, मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तोही याच वाऱ्यामुळे. तिकिटावरचे तास असतात विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचे. त्यापुढे इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा. म्हणून विमान उतरल्याचं मोबाइलवर दिसलं, तरी मुलीच्या फोनसाठी आणखी तास-दीड तास धरा.

नमस्कार.