गॅस धरलाय, डॉक्टर!

ज्या घरांतून गौरीला वडे-सागोतीचा नैवेद्य असतो, त्या घरांतली चार-दोन माणसं त्या रात्री कॅज्युअल्टीत हमखास दिसतात. चेष्टा करत नाही मी. इथल्या किनाऱ्यावर ज्यांनी रात्रपाळ्या काढल्यात, त्या कुणालाही विचारा. करपट ढेकर, छातीशी जळजळ, मळमळ, आणि मागणी एकच : "डाक्टरानू, ग्यास धरलो हा, एक इंजेक्शन मारा." ओवा चावून झालेला असतो, सोलकढी पिऊन झालेली असते, इनो दोनदा झालेलं असतं. बहुतेकांचं ते पित्तच असतं. ज्यांचं नसतं, त्यांच्याविषयी आज बोलायचंय.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, आले, पन्नाशी ओलांडलेले, डायबेटिसवाले. बरगड्यांच्या खाली, मधल्या खळग्यात दुखत होतं. मी ते गुलाबी अँटॅसिड दिलं. दहा मिनिटांत मोठी ढेकर आली, "आता बरा वाटता" म्हणाले, आणि मी त्यांना घरी पाठवलं. पहाटे चारला पोरांनी रिक्षातून परत आणलं, तेव्हा अंगातलं बनियन पिळून घ्यावं इतका घाम होता. ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. वाचले ते, पण मी एका ढेकरेवर विश्वास ठेवला होता, हे काही मला विसरता येत नाही.

असं का होतं? हृदयाची खालची बाजू पडद्यावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूवर टेकलेली असते. त्यात हृदयाकडून आणि जठराकडून येणाऱ्या दुखण्याच्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. एका वाडीत एकाच नावाची दोन घरं असली आणि पोस्टमन नवा असला, की पत्र भलत्याच पडवीत पडतं. मेंदूचं तसंच होतं. बायका, म्हातारी माणसं आणि डायबेटिसवाले यांच्यात तर छातीत कळ न येता नुसती मळमळ, दम लागणं, घाम, एवढंच असू शकतं.

म्हणून नियम असा की पोटाच्या वरच्या भागात दुखतंय म्हणणारा प्रौढ माणूस दारात आला, की दहा मिनिटांत ईसीजी. औषध त्यानंतर. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून सुटका नाही. दुखत राहिलं तर थोड्या वेळानं पुन्हा काढायचा, ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणीही काही तासांनी पुन्हा करायची. घरच्यांना हे थांबणं आवडत नाही, "सायेब, गाडी उभी हा" म्हणतात. उभी राहू दे.

आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती रक्तवाहिन्या सैलावणारी गोळी शेजाऱ्याकडून मागून घालू नका. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये हृदयाचा उजवा कप्पाही सापडलेला असेल, तर त्या गोळीनं बीपी धाडकन खाली येतं.

आता औषधाचं. अँटॅसिडमध्ये घसा बधिर करणारं लिग्नोकेन मिसळून पाजायची एक जुनी पद्धत आहे. अभ्यास करून पाहिलं, तर नुसत्या अँटॅसिडनंही जवळपास तेवढाच आराम पडतो, आणि चवही कमी वाईट लागते. मी ते मिश्रण कधीच सोडलं. पण मिश्रण असो वा साधं, आराम पडला म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. अटॅकचं दुखणं आपलं आपणही चढतं-उतरतं. राहिलं पँटोचं, म्हणजे पित्तावरच्या पँटोप्राझोलचं इंजेक्शन. ते आम्ल तयार होणं कमी करतं, आधीच साठलेलं आम्ल मारत नाही, म्हणून शिरेत गेल्या गेल्या गार वाटलं असं कुणी सांगितलं, तर तो सुईवरचा विश्वास.

दुसरं एक दुखणं आपल्याकडचं. चिरेखाणीत काम करणारे, आंब्याच्या पेट्या उचलणारे गडी कंबरेसाठी रोज वेदनाशामक गोळ्या खातात, त्याही उपाशी पोटी. अल्सर होतो, आणि एक दिवस फुटतो. सुरी खुपसल्यासारखी कळ एका क्षणात सुरू होते, पोट फळीसारखं कडक होतं, माणूस हलत नाही. उभं करून छातीचा एक्स-रे काढला, की बरेचदा पडद्याखाली हवेची काळी चंद्रकोर दिसते. त्याला पाणीसुद्धा द्यायचं नाही, सर्जनकडे न्यायचं. डांबरासारखी काळी शौच होत असेल तर आतून रक्त जातंय. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा येतो, म्हणून तेवढं विचारावं लागतं. दारू पिणाऱ्याची कळ पाठीत जात असेल आणि पुढं वाकून बसल्यावर बरं वाटत असेल, तर स्वादुपिंड. तिथं रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचा पाचक रस, नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीहून वर गेलेलं सापडतं. पित्ताशयातल्या खड्यांचं सगळ्यांना माहीत आहे.

अटॅकच निघाला, तर पुढचा प्रश्न घाटाचा. अँजिओप्लास्टी दोन तासांत होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यातच द्यायचं असतं, अर्थात रक्तस्रावाचा धोका नसेल तर. पावसात आंबा घाटातून कोल्हापूर गाठायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. १०८ला फोन करताना "गॅस" म्हणू नका, "छातीखाली दुखतंय, घाम आलाय" म्हणा, आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून ठेवा.

शेवटी पावसाळ्यातलं एक. रात्री जमिनीवर झोपलेलं धडधाकट पोर पहाटे पोटात दुखतंय म्हणत उठतं, उलटी करतं. घरचे ओवा देतात. मण्यार साप चावला तर बहुधा दुखत नाही, दातांच्या खुणाही बरेचदा सापडत नाहीत, आणि पहिली तक्रार कित्येकदा पोटाचीच असते. अशा पोराला मी पोट दाबून बघायच्या आधी म्हणतो, "वर छताकडं बघ." पापण्या उचलत नसतील, तर विषानं स्नायू लुळे पडायला लागलेत; पँटो राहू दे बाजूला, सिस्टरना अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, काढायला सांगतो.