अनुदानातून उभ्या राहिलेल्या इमारती

(गिरगावात गृहनिर्माण संस्थांच्या एका मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेरच्या फलकावर माझ्या नावापुढे ‘तज्ज्ञ’ असं लिहिलंय. तेवढं पुसून टाका. मी हातोडी घेऊन खांब ठोकत फिरणारा माणूस आहे. खांबावर हातोडी मारल्यावर टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, फुटक्या माठासारखा, तर समजायचं की आतली सळई फुगलीय आणि काँक्रीटनं तिची साथ सोडलीय. पुढचे सगळे अहवाल, तक्ते आणि फोटो त्या बद्द आवाजाचंच इंग्रजी असतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका ऑडिटला गेलो होतो. इमारत इथून फार लांब नाही. चौथ्या मजल्यावर एक आजी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. घर १८० चौरस फुटांचं, म्हणजे आजी दारात बसल्या की घर भरलं. त्यांच्या डोक्यावर छताचं प्लास्टर पडून सळया उघड्या पडल्या होत्या आणि त्यातल्याच एका सळईला त्यांनी पिशवी अडकवली होती. माझी ठोकाठोकी बघून त्या म्हणाल्या, “अहो, आमची जुनी चाळ शंभर वर्षं उभी होती. ती पाडून सरकारनं ही पक्की बांधून दिली. मग ही तिच्याआधी कशी म्हातारी झाली?”

आज मी जे बोलणार आहे ते सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. तेव्हा मला ते नीट देता आलं नव्हतं. “पाणी मुरलं, आजी” एवढंच बोललो आणि जिना उतरलो.

जुनी कहाणी तुम्हाला पाठ आहे, तेव्हा भरभर सांगतो. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४०च्या आसपासच्या पातळीवर गोठवली. मालकाच्या हातात येणाऱ्या भाड्यातून जिन्याची एक फळीसुद्धा बदलता येईना. भाडेकरू म्हणे, मालकाचं घर आहे, दुरुस्ती त्यानं करावी. मालक म्हणे, राहता तुम्ही. या भांडणात पावसाळे मात्र नेमानं येत राहिले. चाळी कोसळायला लागल्या तेव्हा १९६९ साली कायदा झाला, इमारतींवर दुरुस्ती उपकर, म्हणजे दुरुस्तीच्या नावानं जादा कर, बसला आणि दुरुस्तीसाठी मंडळ आलं. पुढे ते म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, सामावलं. त्या वेळी शहर भागात १९,६४२ इमारती उपकराच्या यादीत आल्या. त्यातल्या १६,५०२ एकट्या ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे सप्टेंबर १९४०च्या आधी बांधलेल्या. एवढ्या इमारतींना उपकराचा पैसा किती पुरणार? टेकू लावायला पुरला. गिरगावात काही टेकू इतके जुने आहेत की त्यांना कपड्यांच्या दोऱ्या बांधलेल्या असतात आणि घरात जन्मलेल्या पोरांना वाटतं, इमारत अशीच असते.

आता अनुदानाकडे येतो. डिसेंबर १९८५मध्ये काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनासाठी राजीव गांधी मुंबईत आले आणि त्यांनी शहरासाठी १०० कोटी रुपये जाहीर केले. त्यातूनच पंतप्रधान अनुदान प्रकल्प सुरू झाला, आपण ज्याला पीएमजीपी म्हणतो तो. धारावीचं नाव जास्त गाजलं, पण त्या पैशाचा मोठा हिस्सा शहर भागातल्या पडक्या उपकरप्राप्त (हा उपकर लागू असलेल्या) इमारती पाडून नव्यानं बांधण्यासाठी होता. १९९०च्या अलीकडे-पलीकडे त्यातून ६६ इमारती उभ्या राहिल्या. जोगेश्वरी पूर्वेला पूनमनगरात १७ इमारतींची अख्खी वसाहत झाली. तिला लोक आजही पीएमजीपीच म्हणतात, बसच्या कंडक्टरला उतरायचं ठिकाण सांगताना म्हणतात तसं. सरकारी योजनेचं नाव पत्त्यात जाऊन बसावं, हे भाग्य फार थोड्या योजनांच्या वाट्याला येतं.

मी या योजनेला नावं ठेवायला आलेलो नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्याचं घर उद्या कोसळणार होतं त्याला त्याच भागात, पुष्कळदा त्याच जागेवर, पक्कं घर मिळालं. स्वतःचा संडास मिळाला. चाळीच्या टोकाला डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला विचारा, याची किंमत किती ते.

पण गंमत बघा, बिघाडही त्या संडासातूनच सुरू झाला. जुन्या चाळीत ओलं काम मजल्याच्या एका टोकाला असायचं. गळती झाली तर तेवढा कोपरा कुजायचा, आणि बाकीची इमारत सागवानी खांबांवर कोरडी उभी. शिवाय लाकूड बोलतं. वासा मोडायच्या आधी कुरकुरतो, वाकतो, दार लागेनासं होतं. नव्या इमारतीत प्रत्येक घरात मोरी आणि संडास आला. म्हणजे मजल्यावर दहा घरं असतील तर ओलाव्याच्या दहा जागा. त्या मोरीखालचा स्लॅब खोलगट असतो, त्यात विटांचा चुरा भरतात आणि वर लादी. लादीचे सांधे पाच-सात वर्षांत सुटतात. पाणी चुऱ्यात मुरतं, तिथून स्लॅबमध्ये आणि सळईपर्यंत पोचतं. गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागतं. ते आतून काँक्रीटला ढकलतं आणि एका दुपारी खालच्या घरात पोळपाटावर प्लास्टर पडतं. त्या काळचं काँक्रीट जागेवर, अंदाजानं पाणी घालून कालवलेलं, आणि सळईवर जेवढा थर हवा तेवढा कुठेच नाही. मी मोजलंय. बोटाच्या पेराएवढाही नाही.

अर्थात यात असाध्य असं काहीच नव्हतं. दर सात-आठ वर्षांनी मोऱ्या उखडून वॉटरप्रूफिंग केलं असतं, बाहेरून रंग काढला असता, गच्चीवर उगवलेला पिंपळ मुळासकट काढला असता, तर ही इमारत आरामात साठी गाठती.

ते करणार कोण, हा खरा मुद्दा आहे.

बहुतेक ठिकाणी नव्या इमारतीचा मालक म्हाडा राहिलं आणि रहिवासी भाडेकरूच राहिले. त्यांच्याकडून दरमहा सेवाशुल्क घ्यायचं असं ठरलं. कित्येक वर्षं ते २५० रुपये होतं. ६० घरांची इमारत धरा. महिन्याला १५,००० रुपये, तेही सगळ्यांनी वेळेवर भरले तर. त्यात पंपाचं बिल, जिन्यातले दिवे आणि झाडूवाला. शिल्लक काय? २०१९पासून ते ५०० केलं, दरवर्षी दहा टक्के वाढ ठेवली आणि ते ६६५.५० रुपयांवर गेलं. ओरड झाली. २०२३मध्ये मंत्रिमंडळानं पुन्हा २५०वर आणलं. निर्णयाचं स्वागत झालं, पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. पण तोंडात पेढा असताना मला आजींच्या छतावरची ती पिशवी दिसत होती. गोठवलेल्या भाड्यानं जुनी चाळ मारली होती. तीच दोरी आपण नव्या इमारतीच्या गळ्यात घातली, फक्त या वेळी मालक सरकार होतं.

अनुदान हे बांधकामाला मिळतं. बांधल्यानंतरच्या तीस वर्षांसाठी कुणी अनुदान जाहीर केल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याला फीत कापता येत नाही ना!

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. मध्यंतरी भाचीकडे अमेरिकेत गेलो होतो, मिशिगनला. डेट्रॉइटमध्ये तिनं मला घरं पडलेल्या गल्ल्या दाखवल्या. तिथं आपल्या उलट आहे. आपल्याकडे इमारत पडायला आली तरी आत माणसं दाटीवाटीनं राहतात आणि खालची जमीन सोन्याची. तिथं कारखाने गेले, माणसं गेली, घरं ओस पडली आणि जमिनीला गिऱ्हाईक नाही. २०१३पासून केंद्र सरकारचा निधी ही ओसाड घरं पाडण्याकडे वळवण्यात आला. मूळ निधी होता कर्जात बुडालेल्या घरमालकांना वाचवण्यासाठी! हजारो घरं पाडली. मग मोकळ्या भूखंडांवरचं गवत कापायचं कोणी? शेवटी तिथल्या लँड बँकेनं, म्हणजे ओस जागा ताब्यात ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, शेजाऱ्यालाच तो तुकडा १०० डॉलरला विकायला काढला. घे आणि सांभाळ. मला ही युक्ती आवडली. दाराशी उभा असलेला माणूस सांभाळतो, कचेरीतली फाइल सांभाळत नाही.

आता आपल्याकडचं आजचं चित्र. रोख अनुदानाचे दिवस गेले. आता सरकार देतं ते चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची परवानगी. पैसा बिल्डरचा, त्याची वसुली वरच्या विक्रीच्या मजल्यांतून. म्हाडानं पुनर्रचित केलेल्या, आणि आता पुन्हा मोडकळीला आलेल्या, ३८८ इमारतींनाही मुंबईच्या विकास नियमावलीतल्या नियम ३३(२४) खाली हा मार्ग खुला झालाय. १८० फुटांत दोन पिढ्या काढलेल्यांना मोठं घर मिळेल, यात वाद नाही. पण पुनर्विकासाच्या सभेला मी जातो तेव्हा काय दिसतं? दोन तास चर्चा कार्पेट एरियाची. ४०५ की ४५०? एकानं बाल्कनी मोजायची की नाही यावरून खुर्ची आपटली होती. लिफ्टचा विषय कुणीही काढत नाही.

बावीस मजली टॉवरला निदान दोन लिफ्ट, आगीसाठी वेगळा पंप, जनरेटर, चोवीस तास सुरक्षारक्षक. दरमहा घरटी खर्च हजारांत जातो. आज २५० भरताना कुरकुर करणारं कुटुंब, त्यातलं कमावतं माणूस निवृत्त झालेलं, ते कुठून आणणार? कॉर्पस निधी, म्हणजे पुढच्या देखभालीसाठी बिल्डरकडून एकरकमी ठेव, मिळतो, हो. पण तो किती, तो कुणाच्या नावावर ठेवायचा, त्याच्या व्याजातून काय काय भागणार, हे करारात आकड्यांनिशी लिहून घेतलेल्या संस्था मी बोटांवर मोजू शकतो. कित्येक ठिकाणी तो चेक सभासदांनी वाटून घेतला आणि घरात फर्निचर केलं. नंतर लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरचे काका खाली उतरायचंच सोडून देतात.

म्हणून बिल्डरला पहिल्या सभेत विचारा, दहाव्या वर्षी या टॉवरला बाहेरून रंग काढायला किती खर्च येईल? परांची धरून. तो हसेल. हसू द्या. आकडा मात्र कागदावर घ्या, आणि तो आल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.

मी बराच वेळ घेतला. तिकडे मागे निळ्या शर्टातले काका मघापासून हात वर करून बसलेत, त्यांचा हात दुखला असेल. बोला काका. इमारत उपकरप्राप्त आहे की म्हाडानं बांधलेली, तेवढं आधी सांगा.