गुळगुळीत नाण्यांच्या बाजूने

मंडळी, शेजारच्या दालनात काचेखाली मांडलेली नाणी बघून आलात ना? सुंदर आहेत, वादच नाही. पण माझा विषय वेगळा आहे. मी त्या नाण्यांबद्दल बोलणार आहे, जी दुकानदार पेटीत ठेवत नाही, ताटात ओततो आणि म्हणतो, “यातली कुठलीही घ्या.”

आपल्या छंदात नाण्याला १ ते ७० गुण देतात. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ही मोजपट्टी मांडली, आणि मग ती सगळीकडे पसरली. ७० म्हणजे टांकसाळीतून निघालं तसंच्या तसं. १ म्हणजे कुठलं नाणं आहे एवढं कसंबसं कळतं. माझ्या थैलीतल्या बऱ्याच नाण्यांना १ मिळाला तरी पुष्कळ. गंमत अशी की अमेरिकेतच आता काही जण मुद्दाम १ गुणाची नाणी गोळा करतात आणि त्यात चांगली चुरस असते! त्या चुरशीत मला रस नाही. मला झीज वाचायला आवडते.

हा व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया घ्या. १८६२ सालचा. म्हणजे साल १८६२ छापलंय, पण तेच साल घालून रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. नेमकं वर्ष ओळखायचं ते बारीक ठिपक्यांवरून. कोऱ्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. आता बोट फिरवून बघा. गाल सपाट झालाय, कानावरचे केस एकमेकांत मिसळलेत, मुकुटाची नक्षी गेली आहे. कडेजवळची अक्षरं मात्र अजून उभी आहेत, कारण उंच कडेने त्यांना वाचवलं. जे उंच ते आधी झिजतं. ही झीज सगळीकडे सारखी उतरली असेल तर नाणं हातोहात फिरलं असं समजा. एक बाजू सपाट आणि दुसरी बऱ्यापैकी ठसठशीत असेल, तर कडेला कडी जोडताना डाग दिल्याची खूण शोधा. तो रुपया बाजारात कमी आणि कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत जास्त राहिलेला असतो. संग्राहक अशा नाण्याला ‘खराब’ म्हणून बाजूला टाकतात. मी आधी तेच उचलतो.

शिवराईच्या बाबतीत जरा सावध राहावं लागतं. १६७४ च्या राज्याभिषेकापासून हे तांब्याचं नाणं सुरू झालं आणि पेशवाई बुडाल्यावरही खेड्यापाड्यांत चालत राहिलं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. आता हातातल्या शिवराईवर नुसतं ‘राजा’ दिसतं, ‘श्री’ नाही. नवखा माणूस लगेच म्हणतो, झिजलं. तसं नसतं! ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अक्षरं मुळातच बाहेर पडायची. जे कधी उमटलंच नाही आणि जे उमटून पुसलं गेलं, यातला फरक ओळखता येणं हीच निम्मी विद्या. झिजलेल्या अक्षराचा पाया राहतो, तिरप्या उजेडात त्याची पुसट सावली दिसते. न उमटलेल्या अक्षराचं तिथे काहीच नसतं.

झिजेला पूर्वी रोख किंमत होती. बंगालमध्ये चालू सालाचा सिक्का रुपया पूर्ण भावाने जाई. साल उलटलं की सराफ शेकडा तीन बट्टा कापत, पुढे पाच. रुपया खरोखर झिजला की नाही ते कोण बघतंय, साल बघून बट्टा! शेवटी कंपनीने उपाय काढला, मोगल बादशहा शाह आलमचं १९ वं राज्यवर्ष रुपयावर कायमचं गोठवलं. मग कुठलाच रुपया जुना दिसेना.

आता माझ्या लाडक्या माणसाकडे येतो. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण नाण्यांकडे ते वजनकाटा घेऊन आले. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी, त्यांना अभ्यासायची होती. त्यावर ना राजाचं नाव, ना साल. मग आधी त्यांनी काय केलं, तर आपल्याच काळातली, चालू व्यवहारातली साधी नाणी तोलली. दोन गोष्टी दिसल्या. जितकं साल जुनं, तितकं सरासरी वजन कमी. हे कुणालाही सुचेल. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: जुन्या नाण्यांच्या वजनांमधला आपसातला फरक वाढत जातो. एक नाणं रोज दहा हातांतून जातं, दुसरं ट्रंकेत पडून राहतं. म्हणून एकट्यादुकट्या झिजलेल्या नाण्यावरून वय सांगता येत नाही, ढीग लागतो. ताटात ओतलेला ढीग मला का हवा असतो, ते आता कळलं असेल!

हाच हिशेब त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांना लावला. त्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक ठसे असतात. वजन जितकं घटलेलं, तितके हे ठसे जास्त. कोसंबींनी अर्थ लावला की व्यापारी वेळोवेळी नाणं तपासून त्यावर आपली खूण मारत होते. आणि तक्षशिलेच्याच भीर टेकाडावर १९२४ साली मिळालेल्या साठ्यात अलेक्झांडरची दोन नाणी होती, जवळजवळ कोरी. म्हणजे ती फार फिरायच्या आतच साठा पुरला गेला. कोऱ्या नाण्याचा असाही उपयोग असतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याने फक्त पुरल्याची वेळ सांगितली. बाजार किती चालला ते शेजारच्या झिजलेल्या नाण्यांनीच सांगितलं.

एक विनंती करतो. घरी आजीच्या डब्यात अशी नाणी सापडली तर चिंच-लिंबाने घासू नका. घासलं की झिजेवर तुमची झीज चढते आणि मग काहीच वाचता येत नाही. तांब्यावरचा तपकिरी थर तसाच राहू द्या. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढून मऊ कापडाने टिपा, बस.

आपली आजची स्टीलची नाणी सहसा अशी झिजणार नाहीत. धातू कडक आहे. शिवाय झिजायला वेळही मिळत नाही. चार आणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, तेव्हा माझ्या डब्यातल्या पंचवीस पैशांवरचा गेंडा अगदी ठणठणीत होता.

इथे टेबलावर वजनकाटा ठेवला आहे, मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. ज्यांनी राणीछाप रुपये आणलेत त्यांनी एकेक करून पुढे या. साल आणि वजन या कागदावर लिहीत जाऊ, निदान पन्नास तरी होऊ देत.