दहा डायमेन्शनचा चेंडू डब्याबाहेर येतो त्याची गोष्ट

(फोंड्यातल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं कापून)

मागच्यांना ऐकू येतंय ना? हां. तर पहिला प्रश्न नेहमीचाच, चौथं डायमेन्शन म्हणजे टाईम का हो? आइनस्टाइनच्या फिजिक्समध्ये असेल, आज आपल्याला टाईमशी काही देणंघेणं नाही. आपल्यासाठी डायमेन्शन म्हणजे अजून एक आकडा. कागदावरचा ठिपका सांगायला दोन आकडे लागतात, या हॉलमधला पंखा सांगायला तीन, आणि दहा आकडे ओळीने लिहिले की झाला दहा डायमेन्शनमधला एक बिंदू. अंतर काढायचं तर शाळेतलाच पायथागोरस, प्रत्येक आकड्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, वर्गमूळ, संपलं. आणि गोल म्हणजे केंद्रापासून ठरावीक अंतराच्या आतले सगळे बिंदू. डोळे मिटून चित्र बघायला जाऊ नका, कोणालाच दिसत नाही, दिसतं म्हणणारा थापा मारतो.

आता खरी गंमत. ४ बाय ४ चा चौकोन घ्या, त्यात १ त्रिज्येची चार वर्तुळं चार कोपऱ्यांत बसवा, मध्ये फट राहते, त्या फटीत चौघांना टेकणारं एक छोटं वर्तुळ बसवा. मधल्या बिंदूपासून कोपऱ्यातल्या वर्तुळाचं केंद्र १ आडवं आणि १ उभं, म्हणजे अंतर √२, त्यातून त्या वर्तुळाची त्रिज्या १ वजा केली की राहिले ०.४१. तीन डायमेन्शनमध्ये ४ बाय ४ बाय ४ चा डबा, आठ कोपऱ्यांत आठ चेंडू, मधल्याची त्रिज्या √३ वजा १, म्हणजे ०.७३. चारमध्ये √४ वजा १, बरोबर १, म्हणजे मधला पिल्लू बाकीच्यांएवढाच झाला! नऊमध्ये २, म्हणजे तो डब्याच्या भिंतीला टेकला. आणि दहामध्ये २.१६, भिंत मात्र अजून २ वरच, म्हणजे १०२४ चेंडूंनी घेरलेला हा गडी डब्याच्या बाहेर डोकावतोय.

एका बाईंनी लगेच विचारलं, मग तो गोल काटेरी होतो का? नाही ओ, गोल गोलच आहे, गडबड डब्याची आहे. भिंत केंद्रापासून २ वर, पण कोपरा २ गुणिले √१०, म्हणजे ६.३ वर. कोपरे लांब पळत गेले आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यातले चेंडूही, मग मध्ये जागाच जागा. म्हणूनच डब्याच्या सगळ्या भिंतींना टेकणारा एकच गोल ठेवला तर कागदावर तो ७८.५ टक्के जागा भरतो, तीनमध्ये ५२ आणि दहामध्ये फक्त पाव टक्का.

(१ त्रिज्येच्या गोलाचं घनफळ पाच डायमेन्शनमध्ये सगळ्यात जास्त, ५.२६, आणि मग उतरतं, हे लोक फार कौतुकाने सांगतात. मला त्यात विशेष वाटत नाही, त्रिज्या २ धरलीत तर ते शिखर भलतीकडेच सरकतं.)

गोलाच्या आतही तेच. नारळ असा समजा की कवचाची जाडी त्रिज्येच्या दहा टक्के, तर आत ०.९ चा घन, म्हणजे ७३ टक्के माल. शंभर डायमेन्शनचा नारळ फोडलात तर आत लाखात तीन भागही नाहीत, सगळं कवचच.

हे हवंय कशाला? हाताने लिहिलेल्या आकड्याचा २८ बाय २८ पिक्सेलचा फोटो म्हणजे ७८४ आकडे, म्हणजे ७८४ डायमेन्शनमधला एक बिंदू, आणि कॉम्प्युटर '३' आणि '८' वेगळे करतो ते तिथे. आणि आपल्या गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी, ज्यांना आपण इतिहासकार म्हणूनच ओळखतो, ते मुळात गणिताचे, त्यांचं पाथ-स्पेसेसवरचं, म्हणजे वक्र वाटांच्या भूमितीवरचं, काम कितीही डायमेन्शन घेऊन चालतं.

शेवटचं, चेंडू जास्तीत जास्त दाट कसे रचायचे. तीन डायमेन्शनमधला अंदाज केप्लरने १६११ मध्ये मांडला, सिद्धता हेल्सने १९९८ मध्ये दिली. २०१६ मध्ये मरीना व्याझोव्स्का यांनी आठ डायमेन्शनचं सोडवलं, आणि लगेच चार सहकाऱ्यांबरोबर २४ चं, त्यात अभिनव कुमार हे एक. २०२२ मध्ये व्याझोव्स्कांना फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला फार मोठा सन्मान, मिळालं. आठमध्ये एका चेंडूला २४० चेंडू टेकतात, २४ मध्ये १,९६,५६०. आणि चार डायमेन्शनमधली सगळ्यात दाट रचना? आठ आणि चोवीस सुटले तरी चार अजून सिद्ध व्हायचंय, कोणाला वेळ असेल तर बघा.