परवापर्यंत आई अशी नव्हती

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात एक शब्द असायचा: वात. तापात कुणी बरळू लागलं की म्हणायचे, ‘वातात बोलतोय.’ आम्ही डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतो. मला तो जुना शब्द जवळचा वाटतो, कारण दुखणं शरीरात आहे हे त्यात धरूनच चाललेलं असे. आता घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस असलं की अचानक काहीही बिघडलं तरी आपण ते त्याच आजाराच्या खात्यावर टाकतो.

गेल्या पावसाळ्यात डिचोली तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. आजी ऐंशीच्या पुढच्या, चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश. खाटेवर पडल्या पडल्या त्यांची बोटं चादरीवर सारखी चालली होती. काहीतरी उचलायचं, गुंफायचं, पुन्हा उचलायचं. अबोलीचे वळेसर करत होत्या त्या. फूल एकही नव्हतं. मुलगा म्हणाला, आजार वाढला. शेजारणीनं देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, गाऱ्हाणं घालायला सांगितलं होतं. सून दाराशी उभी होती. ती म्हणाली, ‘‘डॉक्टर, परवापर्यंत आई अशी नव्हती. आपल्या हातानं पेज जेवत होती.’’

निदान त्या वाक्यात होतं. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी पुढे सरकतो. डिलिरियम काही तासांत, एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभर चढतो-उतरतो. लक्ष टिकत नाही. मी आजींना वार उलटे म्हणायला सांगितले. ‘शनिवार, शुक्रवार’ म्हणाल्या आणि छताकडे बघत राहिल्या. पण स्मृतिभ्रंशात हे एरवीही जड जातं, म्हणून सुनेची साक्ष माझ्या चाचणीपेक्षा मोठी.

बेंबीखाली हात ठेवला तर मूत्राशय टम्म फुगलेलं. चार दिवस पोट साफ नव्हतं. उशाशी सर्दीची गोळी, दुकानातून अशीच आणलेली. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या मेंदूतल्या असिटिलकोलीनचं, म्हणजे पेशींमधले निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं, काम अडवतात. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या प्रकारात ते आधीच कमी झालेलं असतं. त्याच गोळ्यांनी लघवी अडते, पोटही बांधतं. रुग्णालयात नळी घालून लघवी काढली, गोळी बंद केली, पोट साफ केलं, संसर्ग आहे का तेही तपासलं. तिसऱ्या दिवशी बोटं थांबली. पूर्ववत व्हायला मात्र काही आठवडे गेले. सगळ्यांचंच तेवढं भरून निघत नाही, हेही सांगायला हवं.

डिलिरियमचा दुसरा प्रकार मुका असतो. माझ्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते गप्प पडून असायचे. सगळे म्हणाले, शांत झोपलेत. डॉक्टर असून मलाही बरं वाटलं. त्यांना न्यूमोनिया झाला होता. ती चूक मी अजून विसरलेलो नाही.

डिलिरियम बरा करणारी गोळी नाही. कारण शोधून ते दूर करायचं असतं. झोपेच्या गोळीनं बहुधा गोंधळ वाढतो, हात बांधल्यानंही. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आली तरच हॅलोपेरिडॉल हे शांत करणारं औषध थोडं देतात, आणि लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तेही धोक्याचं. रोज पिणाऱ्याची दारू ऑपरेशनमुळे अचानक तुटली तर येणाऱ्या डिलिरियमचे उपचार निराळे, तेव्हा लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना खरं सांगा.

अमेरिकेतल्या १९९९ च्या एका अभ्यासात सत्तरीपुढच्या रुग्णांना चष्मा, कानाचं यंत्र, वेळेवर पाणी, रोजचं चालणं आणि रात्रीची सलग झोप मिळेल असं पाहिलं. डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. यातलं बरंचसं तुम्हालाही जमेल. रुग्णालयात जाताना चष्मा, यंत्र आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या. रात्री खाटेपाशी ओळखीचं माणूस असू द्या.

आणि गुंगी वाढत गेली, श्वास जोरात चालू लागला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.